ओलिताची पऱ्हाटी (कपाशी) आणि कोरडं साल: वाण कोणतं धरावं?

काळी_भारी (ता. आर्णी, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. सरकी घ्यायचे दिवस जवळ आले. दुकानदाराच्या नादी लागायच्या आधी इथं विचारून घेतो.

पाच एकर भारी जमीन, एक विहीर, ठिबक. नळ्या चार फुटांवर. २०२३ च्या खरिपात दोन वाणं शेजारी शेजारी लावली, दोन्ही बीजी-२ (दोन जनुकांचं बीटी). नावं मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा कंपन्यांच्या एजंटांनी भरून जाईल. एकाला 'ठेंगणं' म्हणतो: लवकर येणारं, आटोपशीर झाड, मध्यम बोंड. दुसरं 'उंचेलं': पसरणारं, मोठं बोंड, उशिरापर्यंत पाती (कळ्या) धरत राहणारं.

पट्टे बांधापासून नाल्यापर्यंत उभे काढले, म्हणजे बांधाकडची बरड (हलकी) आणि नाल्याकडची भारी दोघांच्याही वाट्याला आली. खत सारखं, फवारणी सारखी, पाण्याचे तास सारखे.

साल कसं होतं ते तुम्हाला माहीतच आहे. जुलैत आमच्या जिल्ह्यात पूर आणि लगेच ऑगस्ट ठणठणीत. देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट होता तो. सप्टेंबरनं थोडी लाज राखली, पण विहिरीत जे यायला पाहिजे ते आलं नाही.

निकाल: उंचेलं एकरी सव्वा क्विंटल जास्त निघालं. पण ठेंगण्याचा बहुतेक कापूस दिवाळीच्या आगेमागे घरात होता. उंचेल्याचा निम्मा माल त्यानंतर आला. त्यातला फुटलेला नोव्हेंबरअखेरच्या अवकाळीत भिजला आणि जानेवारीच्या वेचणीत कवडीच कवडी (डागी, अर्धवट फुटलेला कापूस).

आता सव्वा क्विंटल पाहून उंचेलं धरावं की कसं? ओलीतवाल्यांनी सांगावं.

हिंगणघाटी

नावं टाका ना भाऊ. एवढं लिहून नाव नाही म्हणजे लग्नाचं सारं ठरवून मुलगीच दाखवली नाही असं झालं.

काळी_भारी

@हिंगणघाटी, नाव सांगितलं तर तुम्ही तेच आणाल, तुमची जमीन निघेल हलकी, आणि पुढच्या साली इथं येऊन मला शिव्या द्याल.

तापीकाठ (चोपडा)

खानदेशातून लिहितोय. आमच्याकडे ठिबकवाले मे महिन्यातच लावून मोकळे होतात. पाऊस येईस्तोवर झाड गुडघ्याला लागतं. ऑगस्टात खंड पडला तरी मुळं खाली गेलेली असतात. अशा लागवडीत उशिराचं, मोठ्या बोंडाचं वाणच चांगलं. तुमचा प्रश्न वाणाचा नाही, तारखेचा आहे. दिवाळीपर्यंत उंचेलंसुद्धा मोकळं झालं असतं.

बोंडमोज्या (अकोला)

@तापीकाठ, मेमधली लागवड म्हणजे गुलाबी बोंडअळीला पंगतीचं आमंत्रण. जमिनीतून आणि जिनिंगमधून निघणारे पहिले पतंग जूनमध्ये फिरतात. त्यांना पाती-फुलं मिळाली की पिढी चालू झाली, आणि ती मग शेजारच्या जूनच्या लागवडीवर जाते. म्हणूनच सरकारनं मधली काही वर्षं शेतकऱ्याच्या हाती बियाणं जूनच्या तोंडावरच पडू दिलं. डोमकळ्या (अळीमुळं मिटून राहिलेली फुलं) मोजल्यात कधी तुमच्या मेच्या पऱ्हाटीत?

तापीकाठ

मोजल्यात. पतंग धरायला कामगंध सापळे पण लावतो. पीक डिसेंबरात उपटून गहू-हरभरा घेतो, फरदड (तेच पीक पाणी देऊन पुढं ठेवणं) ठेवत नाही. फरदडीचा शौक तुमच्याकडे जास्त, उगाच खानदेशाच्या नावानं बोटं मोडू नका. :)

वर्धेचा_पुण्यात

घरची शेती भाऊ पाहतो, मी वाचनमात्र. एक बाळबोध प्रश्न. बीटी म्हणजे बोंडअळीविरुद्धचंच बियाणं ना? मग बोंडअळी येतेच कशी?

बोंडमोज्या

बीटी २००२ ला आलं तेव्हा एक जनुक होता, २००६ पासून बीजी-२ मध्ये दोन. हिरवी आणि ठिपक्यांची अळी त्यानं अजूनही बऱ्यापैकी आवरते. गुलाबी मात्र दोन्हीला पचवायला शिकली. ती जवळजवळ कपाशीवरच जगते आणि आपण फरदड ठेवून तिला वर्षभर ताट वाढलं. सोबतच्या पाकिटातली बिगर-बीटी सरकी बांधावर लावायची असायची, ती कोणी लावली नाही. आता म्हणून पाकिटातच मिसळून देतात. २०१७ ला या गुलाबीनं काय केलं ते भावाला विचारा.

मूळ प्रश्नाकडे येतो. कपाशीला पाणी सर्वात जास्त लागतं ते फुलं लागल्यापासून बोंडं भरेपर्यंत. त्या काळात दिवसाला ४ ते ५ मिलिमीटर धरा. एकरावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे चार हजार लिटर. म्हणजे एकराला दिवसाला १६ ते २० हजार, पाच एकराला ८० हजार ते लाख लिटर. @काळी_भारी, तुमची विहीर ऑक्टोबरात दिवसाला लाख लिटर देत होती का?

काळी_भारी

ऑगस्टात देत होती. नळ्या चार फुटांवर, ड्रिपर दोन फुटांवर, ताशी चार लिटरचे. एका एकरात साडेपाच हजारांच्या आत ड्रिपर बसतात, तासाला एकवीस-बावीस हजार लिटर जातात. एक एकर एक तास, असं पाच तासांत सारं शेत व्हायचं. ऑक्टोबरात दोन तासांत मोटार हवा ओढायला लागायची, मग झिरा भरायची वाट पाहायची. दिवाळीनंतर एक दिवसाआड, तेही अर्धं शेत.

बोंडमोज्या

मग उत्तर यातच आहे. 'पाण्याचे तास सारखे दिले' हे ऐकायला न्यायाचं वाटतं, पण तसं नाही. ठेंगण्याची बोंडं भरली तेव्हा विहिरीत पाणी होतं. उंचेल्याची वरची बोंडं भरायची होती तेव्हा विहीर अर्धी झाली होती. तुम्ही दोन वाणांची तुलना केलीच नाही, एका वाणाची पूर्ण पाण्यावर आणि दुसऱ्याची तुटक्या पाण्यावर पाहणी केली.

हिंगणघाटी

असं कसं? शेतकऱ्याची विहीर जशी आटते तशीच आटणार. प्रयोगशाळेतलं पाणी आणायचं का? दोघांना तीच विहीर, तेच साल. तेच खरं शेत. ज्यानं त्यात सव्वा क्विंटल जास्त दिलं ते जिंकलं, विषय संपला.

बोंडमोज्या

हा मुद्दा मान्य. तुलना 'या विहिरीवर कोणतं' एवढीच असेल तर झाली. फक्त त्यावरून 'हे वाण ते वाणापेक्षा चांगलं' असं कोणी गावभर सांगू नये. ज्याच्या शेजारी कालवा आहे त्याच्याकडे फरक सव्वाचा तीन होईल. ज्याची विहीर दसऱ्याला बसते त्याच्याकडे उलटा होईल.

गंजीतला_बाप्पू (ता. दिग्रस)

गंज दिवसानं लिहून राह्यलो. पोरगा टाइप करून देते.

तुमचे हे सारे वाणं पाह्यले म्या. एच-४ पाह्यलं, एलआरए पाह्यलं, थे एनएचएच-४४ त आमच्या घरी किती साल होतं. पयले आम्ही पाणी द्याले घाबरत नोतो, कारण पाणीच नोतं. देशी पऱ्हाटी लावत होतो, अकोल्याची एकेए. तिची मुळी सरळ पाताळात. तुडतुड्यानं पान वाकडं नाई होत, फवारा नाई, काही नाई. महिनाभर पाऊस नाई आला तरी उभी. बोंड बारीक, धागा आखूड, भाव कमी, थे खरं हाय. पण आजचा खर्च काढून पाहा मंग हिशोब करा.

औंदा २०२४ ले एका पाकिटाले साडेआठशेच्या वर अन् वरून फवाऱ्यावर फवारे. मले त वाटते ओलीत नसन त देशी, ओलीत असन त काहीही लावा, बियाण्यापेक्षा धनी शेतात किती वेळ असते थे पाहा.

शेवंता_समुद्रपूर

बाप्पूंना नमस्कार. देशीचा कापूस वेचायला किती त्रास ते मात्र बाप्पूंनी सांगितलं नाही, कारण वेचायला बाया होत्या. :)

माझं शेत मीच पाहते, मजुरांचा हिशेबही मीच करते. म्हणून एक गोष्ट सांगते जी एकरी क्विंटलच्या आकड्यात दिसत नाही. वेचणी किलोवर असते. बाया सकाळी बांधावर उभं राहून शेत पाहतात आणि ठरवतात. मोठं बोंड, चांगलं फुटलेलं, कमरेइतकं झाड असलं की उड्या मारत येतात. बोंड बारीक, पाती-पाचोळा जास्त, झाड डोक्यावर, तर म्हणतात "ताई, तुमच्याकडे परवा." तो परवा आठ दिवसांनी येतो. तेवढ्यात अवकाळी आला की संपलं.

म्हणून मी विचारते, @काळी_भारी, उंचेल्याची नोव्हेंबरची वेचणी लांबली ती कापूस उशिरा फुटला म्हणून की बाया मिळाल्या नाहीत म्हणून?

काळी_भारी

ताई, नेमका प्रश्न. थोडं दोन्ही. त्या आठवड्यात सोयाबीनवाल्यांची कामं संपली होती, पण साऱ्या गावाचा कापूस एकदाच फुटला. उंचेलं मोठ्या बोंडाचं म्हणून बायांना आवडतं खरं, पण झाड सहा फुटांचं, दोन ओळींमधून चालता येत नव्हतं. एकीनं तर सरळ सांगितलं, "दादा, यात साप असला तर मला दिसणार नाही."

हिंगणघाटी

शेंडा खुडायचा ना मग.

काळी_भारी

खुडला. तरी बाजूच्या फांद्या आहेतच.

खारपाण (दर्यापूर)

तुमचं सर्वांचं वाचून हेवा वाटतो. आमच्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहीर खोदली तरी पाणी खारं. ते शेताला दिलं की एकदोन सालात जमीन चिकट होऊन बसते, मग वखर चालत नाही. त्यामुळे आमचं ओलीत म्हणजे शेततळं, आणि शेततळ्यात जे पावसाचं साठलं तेवढंच. दोन पाणी होतात, नशीब असलं तर तीन. त्यात आम्ही पहिलं पाणी बोंडं भरताना देतो, आधी नाही.

यात वाण एकच चालतं: लवकरचं. १४०-१५० दिवसांत आटपणारं. अंतर कमी, झाडं जास्त, एका झाडावर बोंडं कमी. आमच्याकडं मोठं झाड हा शौक आहे, शेती नाही.

बोंडमोज्या

@खारपाण यांचा हिशेब आकड्यात मांडतो. ४ बाय १.५ फूट म्हणजे एकरी ७,२६० झाडं. झाडाला ४० बोंडं, बोंडाला ४ ग्रॅम, झाले साडेअकरा क्विंटल. ३ बाय १ फूट म्हणजे १४,५२० झाडं. त्यांना प्रत्येकी २० बोंडं पुरतात, उत्तर तेच. फरक एवढाच की २० बोंडं झाड लवकर धरतं आणि लवकर भरतं. चाळिसावं बोंड भरायला झाडाला नोव्हेंबर लागतो आणि नोव्हेंबरला पाणी लागतं.

तापीकाठ

आणि सरकीचा खर्च दुप्पट, तो कोण देणार? चाळीस बोंडं कागदावर सोपी. कोरड्या सालात पातेगळ झाली की चाळीसची पंचवीस होतात आणि वीसची बारा. दाट लागवडीत हवा खेळत नाही, बोंडसड वेगळी.

हिंगणघाटी

खर्च कमी करायचा तर आमच्या पलीकडच्या नदीच्या काठी रात्री 'चोर बीटी' (तणनाशक सोसणारं बेकायदा बियाणं) मिळतं म्हणतात. तणनाशक मारा, निंदण नको.

शेवंता_समुद्रपूर

तोंडानं बोललात तेवढं पुरे. पावती नाही, लेबल नाही, उगवलं नाही तर तक्रार कुणाकडे करणार? शेजारच्या गावात एकाचं अर्धं शेत उगवलंच नाही, तो सांगणार कुणाला?

हिंगणघाटी

ताई, गंमत केली. पोलीस पाठवू नका.

नवखा_शेतकरी (पुसद)

मध्येच विचारतो, माफ करा. खंडानंतर एकदम पाणी दिलं की माझी झाडं तासाभरात माना टाकतात. उपटून पाहिलं तर मुळी चांगली असते, सड नाही. हे वाणामुळे होतं का? ज्या वाणाला जास्त बोंडं त्यालाच जास्त होतं असं दिसतं.

बोंडमोज्या

आकस्मिक मर. रोग नाही, रोगजंतू नाही. कोरड्या, तापलेल्या जमिनीत अचानक भरपूर पाणी झालं की मुळांचा श्वास कोंडतो. बोंडांनी लदलेलं, जोमदार झाड आधी पडतं, म्हणून तुम्हाला वाणाचा दोष वाटतो. पहिल्या दिवशीच १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड आणि सोबत युरिया घेऊन झाडाच्या बुडाशी आळवणी करा. उशीर केला तर उपयोग नाही. आणि खंडानंतर पहिलं पाणी थोडं द्या, एक सरी सोडून एक. ठिबक असेल तर अर्धा तास, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा.

नवखा_शेतकरी (पुसद)

अर्धा अर्धा तास द्यायला लाईन कुठे असते? आमची थ्री फेज या आठवड्यात रात्री. रात्री एकदा मोटार चालू केली की सकाळी बंद. झाडाला तहान आहे की नाही, कोण पाहतं?

गंजीतला_बाप्पू (ता. दिग्रस)

बरोबर बोल्ला पोरगा. रात्री पाणी द्याले जाते थो, अन् साप, रानडुक्कर, इचू. हे वाणाच्या पाकिटावर कोणी लिवत नाई.

वर्धेचा_पुण्यात

भावाला फोन केला. तो म्हणतो आमच्याकडे तुलना अशीच चालते: तो एक वाण घेतो, चुलतभाऊ दुसरं, आणि दोघं दिवाळीला एकमेकांना खोटं सांगतात.

हिंगणघाटी

हाहा. साऱ्या वऱ्हाडात हीच पद्धत. खरा आकडा जिनिंगच्या काट्यावर कळतो आणि तोही काटेवाल्यालाच.

शेवंता_समुद्रपूर

काट्याचा विषय निघालाच तर कापसाच्या भावाचं पण बोला. २०२३-२४ ला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,०२० होता आणि जानेवारीत व्यापारी त्याच्याखाली मागत होते. साऱ्यांनी २०२२ चा दहा हजार मनात धरून घरात कापूस ठेवला. ज्याचा माल दिवाळीला आला त्यानं विकून देणी फेडली. उशिराच्या वाणाचा माल आला तेव्हा भाव पडलेला आणि वर ओलावा. खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांच्या वर ओलावा असला की गाडी परत. सव्वा क्विंटलातून हे वजा करा.

लाल्या_झाला

नाव माझं यावरूनच पडलंय म्हणून लिहितो. @काळी_भारी, ठेंगणं लाल पडलं का? लवकरच्या वाणाची माझी तक्रार हीच. सारी बोंडं एकदाच धरतं, झाडाची ताकद एकदम ओढली जाते, त्यात ऑक्टोबरच्या थंड रात्री, आणि पानं लाल. मग वरची बोंडं अर्धवट फुटतात.

काळी_भारी

बांधाकडच्या बरडीवर पडलं, नाल्याकडे नाही. मॅग्नेशियम सल्फेट मारलं होतं, शिवाय पोटॅशियम नायट्रेटच्या फवारण्या. पण मुख्य म्हणजे त्या वेळी पाणी चालू होतं. उंचेलं लाल पडलं ते नोव्हेंबरात, साऱ्या पट्टीवर, आणि तेव्हा विहीर मान टाकून बसलेली.

लाल्या_झाला

म्हणजे लाल दोघंही पडतात. एक आपल्या भारानं, दुसरं विहिरीच्या.

काळी_भारी

आता सर्वांचं वाचून पुन्हा कागद घेऊन बसलो. ज्यांनी नावं मागितली त्यांना नावं नाहीच, पण हिशेब घ्या.

उंचेल्याला ठेंगण्यापेक्षा दोन फवारण्या जास्त लागल्या. जानेवारीचा माल व्यापाऱ्यानं कवडी म्हणून वेगळा काढला आणि चांगल्या कापसाच्या निम्म्याहून थोडा जास्त भाव दिला. भिजलेल्याला कट्टी (वजनात कपात) लागली. शेवंताताई म्हणतात तसा भावही उतरला होता. हे सारं काढलं तर एकरी सव्वा क्विंटलाचा फायदा उरतच नाही, थोडं ठेंगण्याकडंच झुकतं. शिवाय ठेंगण्याचं शेत डिसेंबरात मोकळं झालं, पण हरभऱ्याला पाणीच नव्हतं म्हणून तो फायदा धरला नाही.

पण @हिंगणघाटी यांचंही खोटं नाही. नाल्याकडची पट्टी वेगळी वेचली होती, तिथं उंचेलं सरळ पुढं आहे, कवडी धरूनही. तिथं खाली ओल टिकते. म्हणजे माझ्याच पाच एकरात दोन उत्तरं आहेत.

पुढचं असं ठरवलंय: नाल्याकडं दीड एकर उंचेलं, बाकी ठेंगणं. ठेंगणं ४ बाय १ वर, कारण नळ्या हलवायच्या नाहीत. एकरी दहा हजार आठशे झाडं बसतात, तेवढी पुष्कळ झाली. उंचेल्याला ऑक्टोबरपासून पाण्याची वेगळी पाळी, त्यासाठी तिथला व्हॉल्व्ह आत्ताच वेगळा करतोय.

तापीकाठ

व्हॉल्व्ह वेगळा करताय तर सबमेनही (नळ्यांना पाणी देणारा पाइप) पाहून घ्या. एका पाइपवर दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडले की शेवटच्या नळीला दाब मिळत नाही. आणि लागवड कधी?

काळी_भारी

चांगला पाऊस झाल्यावरच. ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय सरता (पेरायची नळी) धरणार नाही, ठिबक असलं तरी.

तापीकाठ

ऐकणार नाही म्हणजे तुम्ही. बरं.

खारपाण (दर्यापूर)

@काळी_भारी, ठेंगण्याचं बोंडाचं वजन काढलं होतं का? नाल्याकडचं आणि बांधाकडचं वेगळं? आमच्याकडं बरडीवर लवकरच्या वाणाचं बोंड साडेतीन ग्रॅमच्या खाली गेलं की बाया येत नाहीत.

काळी_भारी

बांधाकडं साडेतीनच्या आसपास, नाल्याकडं चारच्या वर. बरडीवर गाडीभर शेणखत टाकून पाहतो या वर्षी.

गंजीतला_बाप्पू (ता. दिग्रस)

गाडीभरानं काय होते बापा. पाच तरी टाका.